वनस्पतीसमुदाय कसा नोंदवायचा: पहिल्या प्लॉटपासून लाल यादीपर्यंत

फुलं ओळखणारे पुष्कळ असतात, गवतं ओळखणारे थोडे, आणि ही सगळी मंडळी जमिनीवर कशी मिळून राहतात हे वहीत नीट उतरवणारे त्याहूनही थोडे. एखाद्या डोंगरावरच्या तीनशे प्रजातींची यादी हातात आली तरी तिथे जंगल आहे, गवताळ माळ आहे की दोन्हींची सरमिसळ आहे, हे त्या यादीवरून कळत नाही. ते कळण्यासाठी वनस्पतीसमुदायांची नोंद आणि वर्गीकरण करावं लागतं. ज्यांना झाडं-झुडपं बऱ्यापैकी ओळखता येतात, पण ज्यांनी प्लॉट, म्हणजे नोंदीसाठी जमिनीवर आखलेली चौकट, कधी टाकलेला नाही, अशांसाठी हा लेख आहे.

आधी एक जुनं भांडण. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये मांडलं की वनस्पतीसमुदाय एखाद्या सजीवासारखा असतो: तो जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये त्याला उलट उत्तर दिलं. प्रत्येक प्रजाती आपापल्या गरजेनुसार आणि नशिबानुसार पसरते. आपल्याला दिसतो तो समुदाय म्हणजे त्या त्या जागी एकत्र आलेल्यांची गर्दी. आज अभ्यासकांचा कल बराचसा ग्लीसन यांच्याकडे आहे. नवख्या माणसानं यातून एवढंच घ्यायचं की दोन समुदायांमधली सीमा धूसर निघाली म्हणजे आपलं काम चुकलं असं नाही. पण नकाशा काढायचा आणि एखादी जागा राखायची म्हटलं, तर कुठेतरी रेषा मारावीच लागते. ती कशाच्या आधारावर मारली, हे दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच.

निघण्याआधी

प्लॉट कुठे टाकायचे हे जागेवर पोचल्यावर ठरवू नका. तिथे गेलं की डोळा फुलांच्या ताटव्याकडे वळतो, पाय पायवाटेनं चालतात, आणि उतरायला अवघड असलेला उतार आपोआप राहून जातो. उपग्रहचित्र, उंचीच्या रेषांचा नकाशा आणि खडकाचा नकाशा समोर ठेवून परिसराचे आधी तुकडे पाडा: उंची, उताराची दिशा, खडक, जमिनीचा वापर. मग प्रत्येक तुकड्यात संगणकाकडून यदृच्छेनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, बिंदू काढून घ्या. बिंदू रस्त्यावर किंवा अर्धा पाण्यात पडला तर काय करायचं, याचा नियमही घरीच ठरवा, उदाहरणार्थ "५० मीटर उत्तरेला सरकायचं". सरकलात तर तसं लिहा.

युरोपातल्या जुन्या परंपरेत जाणकार माणूस डोळ्यानं "नमुनेदार" तुकडा निवडायचा. तशा असंख्य नोंदी आज उपलब्ध आहेत आणि समुदायाचं वर्णन करायला त्या सोन्यासारख्या आहेत. पण एकूण परिसरापैकी किती भागावर कोणता समुदाय आहे, हे त्यांच्यावरून सांगता येत नाही, कारण जागा मुळातच निवडून घेतलेल्या असतात. संवर्धनासाठी आकडे हवे असतील तर यदृच्छा निवड हाच मार्ग.

परवानगीचं काम सर्वांत कंटाळवाणं, आणि तेच आधी करावं लागतं. जागेत शिरण्याची परवानगी आणि नमुने गोळा करण्याची परवानगी या बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतात.

सामान फार लागत नाही. ५० मीटरची टेप, दोरी, चार खुंट्या, होकायंत्र, उतार मोजण्याचं साधन, दहापट भिंग, जीपीएस, वर्तमानपत्रांचे कागद आणि नमुने दाबायचा प्रेस. लिहायला पेन्सिलच घ्या. ओल्या कागदावर शाई पसरते.

चौकट केवढी घ्यायची

नियम एकच: चौकटीच्या आत सगळं एकसारखं हवं. अर्धी चौकट झाडांखाली आणि अर्धी उघड्या खडकावर असेल, तर कागदावर असा एक समुदाय तयार होतो जो जमिनीवर कुठेच नाही.

आकार ठरवण्याची जुनी युक्ती अजूनही शिकण्यासारखी आहे. १ चौरस मीटरपासून सुरुवात करा, त्यातल्या प्रजाती मोजा. मग क्षेत्र दुप्पट करा, नव्या सापडलेल्या प्रजाती यादीत घाला. पुन्हा दुप्पट करा. क्षेत्र आणि प्रजातींची संख्या यांचा आलेख सुरुवातीला झपकन चढतो आणि मग सपाट होऊ लागतो. तो जिथे सपाट व्हायला लागतो, त्याच्या थोडं पुढचा आकार घ्यायचा. गवताळ भागात १६ चौरस मीटर, झुडपी भागात ५० ते १००, समशीतोष्ण जंगलात २०० ते ४०० हे आकडे सर्रास वापरले जातात. उष्ण कटिबंधातल्या दाट जंगलात मात्र आलेख सपाट व्हायचं नावच घेत नाही. तिथे एक हेक्टरचे प्लॉटही टाकतात. एकदा ठरवलेला आकार त्या अभ्यासात बदलू नका, नाहीतर मोठ्या चौकटीत जास्त प्रजाती दिसणारच.

नोंद करताना

झाडांकडे बघण्याआधी पानाचा वरचा भाग भरून टाका: तारीख, नोंद करणाऱ्यांची नावं, जीपीएसचे आकडे आणि त्यांची अचूकता, उंची, उतार, दिशा, माती कितपत खोल, किती टक्के उघडा खडक, चराईच्या, तोडीच्या आणि वणव्याच्या खुणा. हे "नंतर लिहू" म्हटलं की राहतं, आणि प्रजातींची सुंदर यादी असूनही तो प्लॉट निकामी होतो.

मग थर पाडा. झाडांचा, झुडपांचा, जमिनीलगतचा आणि शेवाळांचा. प्रत्येक थराची उंची आणि एकूण आच्छादन लिहा. एकच झाड वरच्या थरात मोठं आणि खाली रोपाच्या रूपात असेल तर दोन्ही थरांत वेगवेगळी नोंद करायची. वर भक्कम झाडं आणि खाली एकही रोप नाही, ही एवढी एक गोष्ट त्या जंगलाच्या पुढच्या पन्नास वर्षांबद्दल बरंच सांगून जाते.

प्रजाती टिपताना आधी चौकटीच्या कडेनं फिरा, मग आत शिरा. आधीच मध्ये गेलात तर अर्धं गवत तुमच्याच पायाखाली जाईल. शेवटची दहा मिनिटं गुडघ्यावर बसून, गवत बाजूला सारून बघण्यासाठी राखून ठेवा. बोटभर उंचीच्या प्रजाती तेव्हाच सापडतात.

आता आच्छादन, म्हणजे या कामातला सर्वांत नाजूक भाग. सूर्य बरोबर डोक्यावर असताना त्या प्रजातीच्या पानाफांद्यांची सावली चौकटीचा जेवढा भाग झाकेल, तेवढं तिचं आच्छादन. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ जोसियास ब्राउन-ब्लांके (१८८४–१९८०) यांची मोजपट्टी जगभर चालते: एखाददुसरंच रोप असेल तर 'आर', थोडीशी रोपं आणि नगण्य आच्छादन असेल तर अधिकचं चिन्ह, ५ टक्क्यांच्या आत पण संख्येनं जास्त असेल तर १, पुढे ५ ते २५ टक्क्यांना २, २५ ते ५० ला ३, ५० ते ७५ ला ४ आणि त्यावर ५.

ऐकायला सोपं, पण पाच टक्के म्हणजे नेमके किती, हे डोळ्याला शिकवावं लागतं. ४ बाय ४ मीटरची चौकट घ्या. तिचा एक टक्का म्हणजे बरोबर ४० सेंटिमीटर बाजूचा चौरस. पाच टक्के म्हणजे जेमतेम ९० सेंटिमीटर बाजूचा. पंचवीस टक्के म्हणजे २ बाय २ मीटर. ४० सेंटिमीटरचा चौकोनी कापडाचा तुकडा जवळ ठेवा आणि सुरुवातीला तो खरोखर जमिनीवर टाकून बघा. समजा चौकटीत थिमेडा ट्रायंड्रा आहे, आफ्रिकेपासून आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेलं गवत. त्याचे ठोंब विखुरलेले आहेत, आणि लांबून पाहिलं तर तांबूस कणसांमुळे सगळा माळ त्यानंच भरल्यासारखा वाटतो. ठोंब एकत्र आणले तर किती कापडं भरतील, असं मनात मोजा. नजरेनं साठ टक्के वाटलेलं आच्छादन बऱ्याचदा तीस-पस्तीसवर येतं, म्हणजे मोजपट्टीवर ४ ऐवजी ३. फुलावर आलेल्या प्रजाती आपण नेहमी फुगवतो आणि नुसत्या पानांवर असलेल्या दाबतो. म्हणून दोघांनी एकमेकांना न सांगता अंदाज लिहायचा आणि मग ताडून बघायचा.

माझं मत विचाराल तर वहीत थेट टक्केच लिहा. टक्क्यांवरून वर्ग नंतर कधीही काढता येतो. वर्गावरून टक्के परत मिळत नाहीत. थर एकमेकांवर असल्यानं सगळ्यांची बेरीज शंभराच्या वर गेली तरी घाबरू नका. रोपांची संख्या मात्र शेजारी लिहा, कारण 'आर' आणि अधिक यांतला फरक टक्क्यांत दिसत नाही.

ओळख पटली नाही तर

पटणार नाहीच, निदान दोन-चार प्रजातींची तरी. त्यांना तात्पुरतं नाव द्या, "गवत-३, पेरावर केस" असं ओळखू येण्याजोगं, आणि नमुना घ्या. रूढ नियम असा की वीस रोपांमागे एकाहून जास्त उचलायचं नाही. वीसच नसतील तर फक्त फोटो: पूर्ण रोप, पानाच्या दोन्ही बाजू, देठ, फूल समोरून आणि बाजूनं, फळ. नमुना दाबला तर सुरुवातीचे काही दिवस कागद रोज बदला. वनस्पतिसंग्रहात देण्याआधी साधारण आठवडाभर उणे २० अंशांखाली ठेवला की किडीची अंडी मरतात. नमुन्याचा क्रमांक प्लॉटच्या पानावर आणि प्लॉटचा क्रमांक नमुन्याच्या चिठ्ठीवर, दोन्ही हवेतच. पुढे कुणी तुमच्या ओळखीवर शंका घेतली तर हाच एक साक्षीदार असतो.

नावांचा एक सापळा इथेच सांगून टाकतो. अॅकेशिया हे नाव मूळ आफ्रिकी-आशियाई झाडांकडे राहावं की ऑस्ट्रेलियातल्या शेकडो प्रजातींकडे जावं, याचा निर्णय २००५ च्या व्हिएन्नातल्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं लागला. त्यामुळे बाभळीचं अॅकेशिया निलोटिका हे नाव व्हॅचेलिया निलोटिका झालं. जुन्या आणि नव्या नोंदी एकत्र करताना ही नावं जुळवली नाहीत तर संगणकाच्या लेखी त्या दोन प्रजाती होतात, आणि त्यांच्यासोबत दोन वेगळे समुदायही जन्माला येतात. म्हणून प्रत्येक नावापुढे ते कोणत्या सूचीनुसार घेतलं ते लिहा आणि विश्लेषणाआधी सगळी नावं एकाच सूचीत आणा.

तक्त्यातून गट काढणं

आडव्या ओळीत प्रजाती, उभ्या रकान्यात प्लॉट, आणि चौकोनात आच्छादन. पहिल्यांदा हे काम हातानं करून बघाच, चाळीसेक प्लॉट असले तरी पुरे. जी प्रजाती चाळीसपैकी अडतीस प्लॉटांत आहे ती गट पाडायला उपयोगी नाही, ती बाजूला. एकाच प्लॉटात सापडलेलीही बाजूला, पण टाकून देऊ नका, संवर्धनाच्या दृष्टीनं कदाचित तीच सर्वांत महत्त्वाची ठरेल. मधल्या प्रजातींकडे बघा आणि एकत्र येणाऱ्यांना एकत्र सरकवा. मग प्लॉट सरकवा. हळूहळू तक्त्यात भरलेल्या चौकोनांचे ठोकळे दिसू लागतात.

समजा दहा प्लॉटांचा एक गट तयार झाला. एक छोटी वनस्पती त्यातल्या आठांत आहे आणि बाहेरच्या तीस प्लॉटांत फक्त एकदा सापडली आहे. ती त्या गटाची भेददर्शक प्रजाती. तिचं आच्छादन दोन टक्के का असेना. त्याच गटात सत्तर टक्के जागा व्यापणारं गवत इतर सगळ्या गटांतही तसंच माजलेलं असेल, तर त्यावरून गट ओळखता येत नाही. नवे लोक इथेच घसरतात: सगळ्यांत जास्त दिसतं त्याचंच नाव समुदायाला देऊन मोकळे होतात.

मग संगणक. प्लॉटांमधला वेगळेपणा मोजायला ब्रे आणि कर्टिस यांचा १९५७ चा निर्देशांक, गट पाडायला मार्क हिल यांची १९७९ ची ट्विनस्पॅन ही पद्धत किंवा त्यानंतर आलेल्या अनेक पद्धती. 'आर' या संगणकभाषेतल्या व्हेगन पॅकेजमध्ये यासाठी लागणारं बरंच काही फुकट मिळतं. फक्त एक लक्षात ठेवा की संगणकाकडे गट मागितले की तो देतोच. लॉटरीचे आकडे भरून दिले तरी देईल. गट खरे आहेत का हे पाहायचं असेल तर भेददर्शक प्रजातींवरून ओळखीची किल्ली, म्हणजे कोणता समुदाय ते ठरवणारी प्रश्नावली, बनवा आणि ती अशा माणसाच्या हातात द्या ज्यानं तुमचे प्लॉट पाहिलेले नाहीत. त्याला नव्या जागी नेऊन उभं करा. किल्ली तिथे चालली तर वर्गीकरण चाललं.

ब्राउन-ब्लांके यांच्या परंपरेत या गटांना पायऱ्यांची लॅटिन नावं असतात: सर्वांत खालच्या पायरीवरच्या गटाला '-एटम', वरच्याला '-इऑन', त्यावर '-एटालिया', त्यावर '-एटिया'. नावं कशी द्यावीत याची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिची पहिली आवृत्ती १९७६ ची. नवख्यानं या वाटेला लगेच जाऊ नये. "उत्तर उतारावरचा ओलसर झुडपी समुदाय" एवढं साधं नाव द्या आणि भेददर्शक प्रजाती जोडा. दुसरीकडे, केवळ रूप आणि हवामान पाहून केलेली वर्गीकरणंही आहेत, जसं भारतातल्या वनप्रकारांचं चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये केलेलं. मोठ्या प्रदेशासाठी ती सोयीची. पण ती वरवरची चौकट देतात. एका दरीत दडलेला वेगळा समुदाय त्यांत सापडत नाही. उपग्रहालाही तो दिसत नाही, कारण त्याला मुख्यतः वरचा थर दिसतो.

संवर्धनाकडे

प्रजातीला किती धोका आहे हे ठरवणारे निकष आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचे, म्हणजे आययूसीएनचे. धोक्यातल्या प्रजातींची त्यांची लाल यादी १९६४ पासूनची, सध्याची वर्गवारी २००१ ची. वनस्पतींसाठी प्रत्यक्षात सर्वाधिक वापरला जातो तो 'ब' निकष, क्षेत्रावर आधारलेला.

तुमच्या दुर्मीळ प्रजातीच्या नऊ नोंदी आहेत असं धरा. नकाशावर २ बाय २ किलोमीटरची जाळी टाका. नोंदी चार चौकोनांत पडल्या तर व्याप्त क्षेत्र १६ चौरस किलोमीटर. १० च्या आत असतं तर अतिसंकटग्रस्त, ५०० च्या आत संकटग्रस्त, २००० च्या आत असुरक्षित. म्हणजे ही संकटग्रस्त झाली? अजून नाही. नुसतं क्षेत्र कमी असून चालत नाही; तीनांपैकी दोन अटी पटाव्या लागतात: ती फार तुकड्या-तुकड्यांत किंवा मोजक्या 'लोकेशन'वर असणं, सतत घट होत असणं, किंवा संख्येत टोकाचे चढ-उतार असणं. संकटग्रस्तसाठी जास्तीत जास्त पाच लोकेशन, असुरक्षितसाठी दहा, अतिसंकटग्रस्तसाठी एकच.

इथे लोकेशन म्हणजे ठिकाण नव्हे, हे जपून वाचा. एकाच घटनेनं एकदम जेवढं जाऊ शकतं तेवढं सगळं मिळून एक लोकेशन. एकाच धरणाच्या पाण्याखाली जाणारी पाच ठिकाणं असतील तर ते एक लोकेशन. म्हणूनच धोका कोणता हे ठरल्याशिवाय लोकेशन मोजता येत नाहीत, आणि म्हणूनच प्लॉटच्या पानावर चराई, तोड, वणवा लिहायचा आग्रह वर धरला होता.

आणखी एक: "सापडली नाही" ही नोंदही जपून ठेवा. नऊ ठिकाणी सापडली आणि दोनशे प्लॉटांत शोधूनही सापडली नाही, याला वजन आहे. नऊ ठिकाणी सापडली आणि दहावीकडे कुणी गेलंच नाही, याला नाही. पुरेशी माहिती नसेल तर 'अपुरी माहिती' असा वर्ग आहे. त्याचा अर्थ सुरक्षित असा कुणी लावत असेल तर त्याला थांबवा.

प्रजातींच्या जोडीला परिसंस्थांचीही लाल यादी आहे. तिचे निकष आययूसीएननं २०१४ मध्ये स्वीकारले. गेल्या ५० वर्षांत क्षेत्र ३० टक्के घटलं तर असुरक्षित, ५० टक्के घटलं तर संकटग्रस्त, ८० टक्के घटलं तर अतिसंकटग्रस्त. इथे तुमच्या तक्त्याची खरी किंमत कळते. नैसर्गिक गवताळ माळावर ओळीनं झाडं लावली की उपग्रहाच्या चित्रात हिरवाई वाढलेली दिसते, आणि कागदावर ती भरभराट ठरते. भेददर्शक प्रजातींची यादी हातात असेल तरच दाखवता येतं की सावलीखाली त्यांतल्या निम्म्या गेल्या आणि तो माळ आता तो माळ राहिलेला नाही. झाडं लावणं नेहमीच चांगलं, हा समज मोडणं वर्गीकरण करणाऱ्याच्या वाट्याला वारंवार येतं. जे मुळात जंगल नव्हतंच त्याला "उजाड झालेलं जंगल" म्हटलं की पुढचे सगळे निर्णय चुकतात.

जागा राखणं जमत नसेल किंवा वेळ कमी असेल तेव्हा बी साठवतात. त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त घ्यायच्या नाहीत आणि शक्यतो निदान ५० वेगवेगळ्या रोपांवरून घ्यायच्या. पुढे त्या साधारण १५ टक्के सापेक्ष आर्द्रतेवर वाळवून उणे २० अंशांत ठेवतात. आंबा, फणस, कोको यांसारख्यांच्या बिया वाळवल्या की मरतातच. अशा प्रजातींसाठी जिवंत रोपं किंवा ऊतीसंवर्धन हाच पर्याय.

पुन्हा येण्यासाठी

प्लॉट कायमचा करायचा असेल तर चारही कोपऱ्यांत लोखंडी सळया जमिनीलगत ठोका, ठरलेल्या एका कोपऱ्यातून फोटो घ्या आणि त्याच महिन्यात परत या. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड इथल्या पार्क ग्रास प्रयोगात एकाच कुरणाची नोंद १८५६ पासून चालू आहे, आणि खताचा गवताळ समुदायावर काय परिणाम होतो याबद्दलचं बरंच ज्ञान तिथून आलं. तुमच्या नोंदीही कुठल्यातरी सार्वजनिक विदासंचात द्या. वहीत पडून राहिलेला प्लॉट कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

दुर्मीळ प्रजातींचे नेमके आकडे मात्र उघड करू नका. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये वॉलेमी पाइन सापडला. जंगलात त्याची शंभराहूनही कमी प्रौढ झाडं आहेत आणि जागा गुप्त ठेवलेली आहे. तरीही मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा हा मातीतला बुरशीसारखा जीव तिथे पोचलाच. म्हणून जाहीर नकाशावर अशी नोंद दहा किलोमीटरच्या चौकोनात पुसट करून टाका, अचूक आकडे जागेची जबाबदारी असलेल्या खात्याला कळवा, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याआधी बूट, खुंट्या आणि टेप माती राहणार नाही इतपत घासून धुवा.